सातवी मॅच, गाद्यांचं दुकान आणि सट्ट्याचं गणित

ह्यूस्टनमध्ये 'गॅलरी फर्निचर' नावाचं भलंमोठं दुकान आहे. मालकांचं नाव जिम मॅकइन्गव्हेल, पण गावात सगळे त्यांना 'मॅट्रेस मॅक' म्हणतात. २०१९ साली त्यांनी जाहिरात केली की तीन हजार डॉलर किंवा त्याहून महाग गादी घ्या, आपल्या गावची बेसबॉल टीम, म्हणजे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज, वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) जिंकली तर सगळे पैसे परत. लोकांनी गाद्या उचलल्या. टेक्सासात खेळांवर पैसे लावायला कायद्याने बंदी आहे, म्हणून मॅक मिसिसिपीत गेले आणि तिथल्या एका कसिनोत त्यांनी एका दमात ३५ लाख डॉलर अ‍ॅस्ट्रोजवर लावले. इकडेतिकडे लावलेल्या सगळ्या रकमा धरल्या तर आकडा १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास गेला.

मालिका वॉशिंग्टन नॅशनल्सविरुद्ध होती. सात मॅचची मालिका, आधी चार जिंकेल तो विजेता. सहा मॅचनंतर ३-३. ३० ऑक्टोबर २०१९ च्या रात्री ह्यूस्टनच्याच मैदानात सातवी मॅच झाली आणि अ‍ॅस्ट्रोज ६-२ ने हरले. मॅकनी लावलेली सगळी रक्कम बुडाली.

तरीही दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीसारखं उघडलं, आणि मालकांची झोप उडावी असं काही झालेलं नव्हतं. हे कसं, ते समजलं की निर्णायक मॅचवरच्या सट्ट्याचं बरंचसं गणित समजतं. त्यासाठी आधी भाव वाचायला शिकावं लागेल.

भाव कसा वाचायचा

अमेरिकेत भाव मायनस आणि प्लस लावून सांगतात. त्या रात्रीचे भाव ठिकाणागणिक थोडेफार वेगळे होते, अ‍ॅस्ट्रोज मात्र सगळीकडे फेव्हरिट होते. आपण हिशेबासाठी सोपे आकडे धरू: अ‍ॅस्ट्रोज मायनस १४०, नॅशनल्स प्लस १२०.

मायनस १४० म्हणजे १०० डॉलर कमवायचे तर १४० लावा. प्लस १२० म्हणजे १०० लावा, जिंकलात तर १२० कमवा. दोन्हीकडे मूळ रक्कम परत मिळते ती वेगळी.

आता या भावातली शक्यता बाहेर काढू. १४० लावून एकूण २४० हातात येणार असतील, तर ना नफा ना तोटा होण्यासाठी अ‍ॅस्ट्रोजनी २४० पैकी १४० वेळा, म्हणजे ५८.३ टक्के वेळा जिंकायला हवं. नॅशनल्सच्या बाजूने १०० लावून २२० मिळतात, म्हणजे ४५.५ टक्के. बेरीज करून बघा: १०३.८ येते. दोनच टीम आहेत, बरोबरी होत नाही, म्हणजे बेरीज १०० यायला हवी होती. वरचे ३.८ ही बुकीची दलाली. ती काढून टाकली तर बाजाराच्या मते अ‍ॅस्ट्रोजची खरी शक्यता ५६ टक्क्यांच्या थोडी वर आणि नॅशनल्सची ४४ च्या थोडी खाली बसते.

ही दलाली तुम्ही हरलात म्हणून द्यावी लागते असं नाही. जिंकलात तरी मिळायला हवे होते त्याहून थोडे कमीच मिळतात. बुकीला सातव्या मॅचचा निकाल माहीत नसतो, आणि त्याचं त्यावाचून अडतही नाही. दोन्ही बाजूंना तो प्रमाणात पैसे जमवतो असं आपण ऐकत आलोय, ते अर्धंच खरं आहे. मोठ्या कंपन्या स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवून एका बाजूचा धोका बिनदिक्कत अंगावर घेतात. उलट सातत्याने जिंकणारं हुशार गिऱ्हाईक दिसलं की त्याची मर्यादा चिल्लरीवर आणून ठेवतात. मॅकसारख्या माणसाचे लाखो डॉलर मात्र हसत घेतात, कारण आपल्या गावच्या टीमवर पैसे लावणाऱ्याला बाजारापेक्षा जास्त काही माहीत नसतं.

एका मॅचला किती कळतं

बेसबॉलची एक मॅच टीमच्या दर्जाबद्दल फार थोडं सांगते. २०१९ च्या हंगामात अ‍ॅस्ट्रोज १०७ मॅच जिंकले, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. पण हंगाम १६२ मॅचचा असतो, म्हणजे तीच टीम ५५ वेळा हरलीही होती. तीनातली एक मॅच हरणारी टीम वर्षातली सर्वोत्तम टीम ठरते, असा हा खेळ आहे. नॅशनल्स त्या वर्षी पहिल्या ५० मॅचमध्ये फक्त १९ जिंकले होते, शेवटी ९३ वर पोचले आणि मागच्या दाराने प्लेऑफमध्ये शिरले.

मालिका सात मॅचची ठेवली तरी गाळणी फार बारीक होत नाही. प्रत्येक मॅच जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असलेली टीम सातची मालिका ६१ टक्के वेळा जिंकते. इतक्या खटाटोपानंतर सहाच टक्क्यांची भर. आणि मालिका ३-३ वर आली की तीही जाते, उरते एकच मॅच.

घरच्या मैदानाचं काय? बेसबॉलमध्ये यजमान टीम साधारण १०० पैकी ५४ वेळा जिंकते. यजमानांना शेवटची फलंदाजी मिळते, मैदानाची सवय असते, प्रवास नसतो. २०१९ च्या मालिकेत मात्र पाहुण्या टीमने सातच्या सात मॅच जिंकल्या. वॉशिंग्टनने ह्यूस्टनमध्ये दोन, मग ह्यूस्टनने वॉशिंग्टनमध्ये तीन, मग परत वॉशिंग्टनने ह्यूस्टनमध्ये दोन. असं आधी कधी घडलं नव्हतं. दोन्ही टीम तुल्यबळ धरून हिशेब केला तर अशी मालिका साधारण २३० मालिकांत एकदा दिसायला हवी, आणि वर्ल्ड सिरीज १९०३ पासून चालू आहे. म्हणजे दुर्मीळ खरं, पण चमत्कार म्हणून नारळ फोडावा असं काही नाही. 'आता घरच्या टीमचा नंबर' असं म्हणून त्या रात्री ज्यांनी अ‍ॅस्ट्रोजवर पैसे लावले, त्यांना आधीच्या सहा निकालांनी काहीच सांगितलं नव्हतं.

बेसबॉलचा भाव सर्वांत जास्त हलतो तो सुरुवातीच्या पिचरमुळे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यामुळे. क्रिकेटमध्ये एक बोलर फार तर काही ओव्हर टाकतो, इथे सुरुवात करणारा पिचर नऊपैकी पाच-सहा इनिंग एकटाच ओढतो. याच मालिकेत पाचव्या मॅचच्या काही तास आधी वॉशिंग्टनच्या मॅक्स शर्झरची मान आखडली. हात उचलेना. त्याच्या जागी ऐनवेळी जो रॉस उतरला आणि ह्यूस्टन ७-१ ने जिंकलं. अशा वेळी भाव ताबडतोब बदलतो. म्हणूनच अनेक ठिकाणी पैज लावताना 'ठरलेला पिचर उतरला तरच पैज धरावी' असा पर्याय असतो. तो निवडला असेल आणि पिचर बदलला, तर पैज रद्द होऊन पैसे परत येतात. बेसबॉलवर पहिल्यांदा पैसे लावणाऱ्याला हे सहसा ठाऊक नसतं.

सातव्या मॅचमध्ये पिचरचं गणितही निराळं होतं, कारण उद्या मॅचच नसते. एरवी चार-पाच दिवस विश्रांती घेणारे पिचरही बाकावर तयार असतात आणि कप्तानापेक्षा मॅनेजरची, म्हणजे डावपेच ठरवणाऱ्या प्रशिक्षकाची, रात्र मोठी होते. त्या रात्री शर्झर उपचार घेऊन उतरला, पाच इनिंग कसाबसा टिकला आणि पुढच्या तीन पॅट्रिक कॉर्बिनने टाकल्या. कॉर्बिन एरवी स्वतः सुरुवात करणारा पिचर. तेव्हा 'शर्झर विरुद्ध (ह्यूस्टनचा) झॅक ग्रिंकी' या पाटीवर ठरलेला भाव अर्ध्याच मॅचचा भाव असतो. बाकीची अर्धी मॅच मॅनेजरच्या डोक्यात असते आणि ते डोकं कुठल्याही गणितात नीट बसत नाही.

सातवी इनिंग

ते डोकं त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. सातव्या इनिंगला अ‍ॅस्ट्रोज २-० ने पुढे. ग्रिंकी अप्रतिम पिचिंग करत होता. वॉशिंग्टनच्या अँथनी रेंडनने होमरन, म्हणजे षटकारासारखा फटका, मारला, २-१. पुढच्या हुआन सोटोला चार चेंडू बाहेर पडल्यामुळे फुकट पहिला बेस मिळाला. ग्रिंकीचे तेव्हा फक्त ८० पिच, म्हणजे टाकलेले चेंडू, झाले होते. मॅनेजर ए. जे. हिंच मैदानात आले आणि त्यांनी त्याला काढलं. विल हॅरिस आला. हॉवी केंड्रिकने मारलेला चेंडू उजवीकडच्या सीमेवरच्या खांबावर आदळला. खांबाला लागला की होमरन, आणि सोटो बेसवर असल्याने दोन धावा. २-३. ह्यूस्टनचा सर्वांत भेदक पिचर गेरिट कोल बाकावरच राहिला, तो त्या रात्री उतरलाच नाही. या निर्णयावर ह्यूस्टनमध्ये अजून वाद होतात.

मोबाइलवर मॅच चालू असताना पैसे लावणाऱ्यांसाठी ती पाच-दहा मिनिटं म्हणजे जत्रा असते. ग्रिंकी खेळत असताना अ‍ॅस्ट्रोजचा भाव इतका चढलेला असतो की त्यातून चणे-फुटाणेच सुटतात. खांबावरच्या त्या एका आवाजानंतर तो कोसळतो. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. चालू मॅचच्या भावात दलाली सहसा जास्त असते. आणि टीव्हीवर किंवा मोबाइलवर दिसणारं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, कंपनीकडे येणारी माहिती त्याच्या पुढे. 'आत्ताच लावतो' म्हणून बोट दाबेपर्यंत भाव गोठलेला असतो किंवा बदललेला.

आणखी एक मजेची गोष्ट नवव्या इनिंगची. दोन्ही टीमच्या धावांच्या बेरजेवरही पैज लागते. समजा रेषा साडेसातवर आखली आहे. अर्धा मुद्दाम ठेवतात, म्हणजे बरोबरी होऊन पैसे परत द्यायला नकोत. आठव्या इनिंगअखेर वॉशिंग्टन ४, ह्यूस्टन २, बेरीज सहा. नवव्यात अ‍ॅडम ईटनच्या फटक्यावर दोन धावा आल्या आणि बेरीज आठ झाली. करंडकाच्या दृष्टीने त्या धावा जवळजवळ उपऱ्या होत्या, वॉशिंग्टनकडे आघाडी होतीच. पण 'साडेसातच्या आत' म्हणून बसलेल्यांचे पैसे त्या एका फटक्याने गेले, आणि 'वर' म्हणणारे नाचले. स्टेडियममध्ये एकच मॅच चालू असते, पैजांच्या जगात एकाच वेळी दहा.

मॅकना झोप कशी लागली

समजा मॅकनी १ कोटी डॉलरच्या गाद्या विकल्या आणि त्या आणण्याचा खर्च ५० लाख. (हे आकडे माझे, फक्त समजण्यासाठी.) पैज न लावता बसले असते तर टीम हरल्यावर ५० लाख नफा. टीम जिंकल्यावर सगळे पैसे परत, म्हणजे ५० लाखांचा खड्डा.

आता त्यांनी अगोदरच, टीमचा भाव दुप्पट म्हणजे प्लस २०० असताना, ३० लाख लावले असं धरू. टीम जिंकली तर पैजेचे ६० लाख येतात, त्यातून ५० लाखांचा खड्डा भरतो आणि १० लाख उरतात. टीम हरली तर पैजेचे ३० लाख जातात, पण गाद्यांचे ५० लाख शाबूत, म्हणजे २० लाख नफा. दोन्हीकडे फायदाच. इंग्रजीत याला हेजिंग म्हणतात, आणि व्यापाऱ्याच्या भाषेत हा विमा आहे. बाकीचे लोक पैज लावून धोका विकत घेतात, मॅक पैज लावून आपला धोका दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. वर टीव्हीवर फुकट प्रसिद्धी, तिची किंमत वेगळी.

२०२२ मध्ये फासे दुसऱ्या बाजूने पडले. हंगामात फार आधी, भाव दहापट असताना, त्यांनी एका ठिकाणी ३० लाख डॉलर लावले होते. सगळ्या ठिकाणी मिळून साधारण १ कोटी. ५ नोव्हेंबर २०२२ ला अ‍ॅस्ट्रोजनी फिलाडेल्फियाला सहाव्या मॅचमध्ये हरवलं आणि त्यांच्या पदरी सुमारे साडेसात कोटी डॉलर आले. बातम्यांत तेवढंच आलं. त्या वर्षीच्या जाहिरातीनुसार गिऱ्हाइकांना पैसे दुप्पट परत द्यायचे होते, हे पुष्कळांनी वाचलंच नाही.

यात खरा सट्टेबाज कोण? माझ्या मते गिऱ्हाईक. गादीच्या किमतीतच त्याने पैज विकत घेतलेली असते, भाव न विचारता.

साध्या माणसालाही असा हिशेब करायची वेळ येते. कोणी मालिकेच्या आधी नॅशनल्सवर प्लस २०० ने १,००० डॉलर लावले. जिंकले तर २,००० नफा. मालिका ३-३ वर आली. आता वरच्या मायनस १४० च्या भावाने अ‍ॅस्ट्रोजवर १,७५० लावले, तर नॅशनल्स जिंकल्यावर २,००० मधून १,७५० वजा, २५० उरतात. अ‍ॅस्ट्रोज जिंकले तर १,२५० मिळतात, पहिले १,००० जातात, तरीही २५०. काहीही झालं तरी २५० खिशात.

छान वाटतं, पण फुकट नाही. काही न करता बसला असता तर सरासरीच्या हिशेबाने त्याच्या पावतीवर साधारण ३१४ डॉलर नफा होता. म्हणजे शांत झोपेचे त्याने सुमारे ६४ डॉलर मोजले, आणि ते गेले बुकीच्या दलालीत. रक्कम हरलो तर घर हलेल एवढी मोठी असेल तर ६४ स्वस्त. पन्नास-शंभर डॉलरच्या पैजेसाठी असं करणं म्हणजे दलाली दोनदा भरणं.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी यात एक नवं खेकटं आहे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या करकायद्यात २०२६ पासून जुगारातल्या तोट्याच्या ९० टक्केच वजावट मिळण्याची तरतूद आली. वरच्या उदाहरणात नॅशनल्स जिंकले तर कमाई २,०००, तोटा १,७५०, पण वजावट १,५७५ ची. हातात २५० आले, कर मात्र ४२५ वर. तोलून मापून दोन्हीकडे पैसे लावणाऱ्यालाच ही तरतूद जास्त झोंबते.

मोठ्या मॅचच्या दिवशी अ‍ॅपवर सर्वांत ठळक दिसतं ते पार्ले, म्हणजे तीन-चार अंदाज एकत्र जोडलेली पैज: ही टीम जिंकेल, अमुक खेळाडू होमरन मारेल, धावा इतक्यांवर जातील. सगळं खरं ठरलं तर मोठी रक्कम. नेहमीच्या मायनस ११० भावाच्या एका पैजेत कंपनीचा हिस्सा साडेचार टक्के असतो. तशा तीन जोडल्या की तो १३ टक्क्यांवर जातो. त्यातही एकाच मॅचमधले अंदाज एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांचा भाव कंपनी स्वतःच्या सूत्राने ठरवते आणि तो तपासायला आपल्याकडे काही साधन नसतं. अशा पैजांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

निकाल विकत घ्यायची गरज उरली नाही

१९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सिनसिनाटीविरुद्ध मालिका हरल्याचं प्रकरण गाजलं. १९२१ मध्ये ज्यूरीने खेळाडूंना निर्दोष सोडलं, तरी बेसबॉल लीगचे कमिशनर लँडिस यांनी आठ जणांना जन्मभरासाठी बाहेर काढलं. १९८९ मध्ये सिनसिनाटीचा मॅनेजर पीट रोझ याच्यावर तीच वेळ आली, आपल्याच टीमच्या मॅचवर पैसे लावल्याबद्दल. मेल्यावर, मे २०२५ मध्ये, त्याचं नाव बाहेर काढलेल्यांच्या यादीतून काढण्यात आलं.

पूर्वी फिक्सिंग करायचं तर आख्खी मालिका विकत घ्यावी लागे. आता एका पिचवर पैज लागते: वेग किती, चेंडू आत की बाहेर. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या दोन पिचरांवर ठरवून ठराविक पिच बाहेर टाकल्याचे आरोप ठेवले गेले. त्यानंतर लीगने कंपन्यांशी बोलून एका पिचवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली आणि अशा पैजा पार्लेत जोडणं बंद केलं. २०१३ च्या आयपीएलनंतर स्पॉट-फिक्सिंग म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, हे तेच. त्यामुळे सातव्या मॅचबद्दल मी त्या मानाने निर्धास्त असतो. तिथे सगळ्या जगाचे डोळे असतात. जून महिन्यातल्या कुठल्यातरी मंगळवारची तिसरी इनिंग कोण बघतं?

कायदा

१९९२ च्या केंद्रीय कायद्यामुळे अमेरिकेत नेवाडासारखे मोजके अपवाद सोडले तर खेळांवर सट्टा घेता येत नव्हता. न्यू जर्सी राज्य त्याविरुद्ध कोर्टात लढलं आणि १४ मे २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. आज तीसहून अधिक राज्यांत हा धंदा कायदेशीर आहे, टेक्सास मात्र अजून त्यात नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी घरात टीव्ही लावला की दर इनिंगनंतर याच्या जाहिराती येतात, त्या यामुळे.

पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांसाठी चित्र उलट आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. रेसकोर्सवरच्या घोड्यांना त्यात वाट आहे, खेळांवरच्या बुकीला नाही. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे आर्थिक व्यवहार यांवर देशभर बंदी आणली. परदेशी वेबसाइटवर वर्ल्ड सिरीजचा भाव दिसतो, खातंही उघडतं, पण जिंकलेले पैसे अडकवून ठेवले तर दाद मागायला कुठलंही दार नसतं.